आपत्तिपश्चात संगणकीय पुनर्प्राप्ती

पूर, आग, भूकंप किंवा खंडणीखोर विषाणू (माहिती कुलूपबंद करून पैसे मागणारा संगणकी प्रोग्रॅम, रॅन्समवेअर) यांमुळे बंद पडलेली व्यवसायाची संगणकयंत्रणा आणि तीतील माहिती ठरलेल्या मुदतीत पुन्हा वापरात आणण्याची पूर्वतयारी. रोजचा बॅकअप हा तिचा केवळ एक भाग होय.

या पद्धतीचा उगम कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 1978 च्या सुमारास सनगार्ड या कंपनीने अनेक ग्राहकांसाठी सामाईक पर्यायी संगणककेंद्र भाड्याने देणे सुरू केले. बहुतेक लेखक तेथून आरंभ मानतात. मात्र माहिती साठवलेल्या चुंबकीय फिती दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची रीत त्याआधीची आहे, म्हणून 1978 हे या सेवेच्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानणे अधिक योग्य. शेअर या संगणक-वापरकर्त्यांच्या संघटनेने सज्जतेच्या शून्य ते सहा अशा सात पायऱ्या ठरवल्या. त्यांचा काळ काही जण 1980 च्या दशकाची अखेर, तर काही 1992 देतात; बहुधा मसुदा आधीचा व जाहीर मांडणी नंतरची असावी. बाहेर एकही प्रत नसणे ही शून्य पायरी, तर माहितीची जवळजवळ हानी न होणे ही सहावी. सातवी, स्वयंचलित पायरी पुढे जोडली गेली. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत बाहेरगावी हा प्रचलित नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावावर सांगतात. त्यांनी तो रूढ केला, एवढे निश्चित.

तयारी दोन मापांनी ठरते : काम किती वेळात सुरू व्हावे आणि किती वेळची नोंद गमावलेली चालेल. रात्री नऊला प्रत घेणाऱ्या पेढीचा संगणक दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहाला बुडाला, तर एकवीस तासांच्या नोंदी जातात. सौद्याच्या कागदी पट्ट्या शाबूत असतील तर त्या पुन्हा भरता येतात. ऑनलाइन व्यवहारांसाठी बँकेकडून उतारे मागवावे लागतात. उदाहरणार्थ, सांगलीत हळदीचा मुख्य हंगाम पावसाळ्यापूर्वी सरतो. तरीही गोदामातील हळद आणि शीतगृहातील बेदाणा कोणाचा किती, हा शेतकऱ्यांच्या घामाचा हिशेब पुराच्या दिवसांत त्याच संगणकात असतो. म्हणून ‘हंगाम नाही, चालेल’ हा समज घातक आहे.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट व धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी सुमारे 57 फुटांवर गेले आणि शहराची मध्यवर्ती बाजारपेठ बुडाली. 2005 व 2021 चे महापूरही मोठे होते. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा यात वाटा किती, हा वाद आहे. 2019 च्या पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने अतिवृष्टी व नदीपात्रातील अडथळ्यांवर दिलेला भर अधिक पटण्याजोगा वाटतो. 2019 मध्ये पंचगंगेमुळे कोल्हापूरही त्याच दिवसांत पाण्यात होते व पुणे–बंगळूर महामार्ग बंद पडला. त्यामुळे सुमारे 50 किमी. वरील कोल्हापुरात ठेवलेली प्रत ‘बाहेरगावची’ म्हणता येत नाही. जत, कवठे महांकाळ यांसारखे पूर्वेकडील कोरडे तालुके किंवा दूरच्या शहरातील क्लाउड केंद्र हा खरा पर्याय. सर्व्हर माडीवर नेल्याने यंत्र वाचते, पण वीज व इंटरनेट तुटल्यावर काम चालत नाही. कृष्णेचे पाणी बहुधा टप्प्याटप्प्याने चढते, म्हणून पुलावरील फुटांशी कामे बांधता येतात : 40 ला अखेरची प्रत, 45 पूर्वी स्थलांतर. साताऱ्याच्या पाटण भागात ही सवड गृहीत धरता येत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने पूर्वसूचना दिली नव्हती.

वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या नियमांत (नियम 57) नोंदी नष्ट झाल्यास वाजवी काळात परत मिळवता येतील असा बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना ऑगस्ट 2022 पासून भारतातील सर्व्हरवर रोज प्रत ठेवावी लागते. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घातली.

प्रत उघडते का, याची चाचणी पावसाळ्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर करावी. न उघडलेली प्रत हिशेबात धरू नये. खंडणीखोर विषाणू जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो, म्हणून एक प्रत कायम सुटी ठेवतात. पासवर्डांची यादी, सॉफ्टवेअरचे परवाने आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन हेही दुकानाच्या खणात न ठेवता दुसऱ्या ठिकाणी हलवावे लागतात.