हिंगुळाचा माग

जुनी मराठी पोथी उघडली की काळ्या मजकुराच्या दोन्ही अंगांना उभ्या तांबड्या रेघा दिसतात. लेखकाने हिंगूळ खलात घोटून, डिंकाच्या पाण्यात कालवून ती शाई केलेली असे. अक्षर चुकले तर त्यावर पिवळी हरताळ फासायची आणि वर पुन्हा लिहायचे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. या दोन्ही वस्तू दगडाच्या पोटातल्या, पण मराठवाड्यात दोहोंची खाण नाही. इथल्या पोथीला लागणारा हिंगूळ बाजारातून, लांबच्या डोंगरांतून आलेला असायचा.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे खनिज. जगाने आजवर वापरलेला बहुतेक पारा त्यातूनच निघाला. रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधे करण्याच्या जुन्या शास्त्रात, त्याला 'दरद' असेही म्हणतात. त्या शास्त्राचा 'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ सांगतो, की अग्नीच्या मुखातून रस, म्हणजे पारा, जडपणामुळे दरद देशात पडला, मातीत मुरला, आणि तिथले रहिवासी ती माती पातनयंत्रात घालून पारा काढतात. दरद देश म्हणजे सिंधू नदीच्या वरच्या खोऱ्यातला डोंगराळ मुलूख, असे अभ्यासक मानतात. कथेतला देव बाजूला ठेवला तरी उरते ती खरी कृती: तांबडी माती तापवायची, वाफ थंड करायची, पारा गोळा करायचा.

पण ती माती ओळखायची कशी? नुसता रंग फसवतो. पैठण आणि तेर या आपल्या पेठांचा उल्लेख करणारे पहिल्या शतकातले ग्रीक प्रवासवर्णन सोकोत्रा बेटावर झाडातून ठिबकणाऱ्या लाल डिंकालाही 'हिंदी हिंगूळ' म्हणते. म्हणून कौटिल्याचे सूत्र मला फार मोलाचे वाटते: कोणत्याही धातूच्या दगडात जडपणा वाढला की सत्त्व, म्हणजे धातूचा अंश, वाढते. हिंगूळ पाण्याच्या आठपट जड असतो, साधा दगड अडीच-पावणेतीनपट. सराफाच्या दुकानातली धूळ धुणारे झारेकरी जे करतात, तेच शोधकऱ्यांनी डोंगरातल्या ओढ्यांत केले. वाळू परातीत घोळवायची, हलकी वाहू द्यायची, तळाशी तांबडे कण उरतात का ते पाहायचे. उरले तर ओढ्याने वर चढत जायचे आणि प्रत्येक फाट्याला पुन्हा घोळवायचे. कण ज्या जागेच्या वर मिळेनासे झाले, तिथल्या उतारावर हिंगुळाची शीर शोधायची.

स्लोव्हेनियातल्या इद्रियाची खाण 1490 मध्ये ओढ्यामुळेच सापडली, अशी तिथली आख्यायिका आहे. लाकडी घंगाळे करणारा एक कारागीर ते पाण्यात भिजत ठेवायला गेला आणि तळाशी चकाकते पाणी, म्हणजे पारा, साचलेले त्याला दिसले. स्पेनमधले अल्मादेन त्याहून कितीतरी जुने. रोमन लोक तिथला हिंगूळ रंगासाठी नेत. या दोन्ही गावांना 2012 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले.

शोधाला खरी घाई आली ती चांदीमुळे. 1554 मध्ये मेक्सिकोत बार्तोलोमे दे मेदिना याने पाऱ्याने चांदी वेगळी करण्याची रीत मोठ्या प्रमाणावर चालू केली आणि स्पेनला पारा पुरेना. पेरूमध्ये एन्रिके गार्सेस याने स्थानिक लोक अंगाला लावत तो 'यिम्पी' नावाचा तांबडा रंग पाहिला आणि तो हिंगूळच आहे हे ओळखले. काही वर्षांतच अँडीजमध्ये 3,600 मीटरहून उंचावर वांकावेलिकाची खाण सुरू झाली. ती जागा एका स्थानिक माणसाने दाखवली होती. पुढे त्याच्याच लोकांना वेठीला धरून त्या खाणीत उतरवले गेले. वाफेने हातपाय थरथरत, दात पडत. तिला 'मरणाची खाण' म्हणत. कॅलिफोर्नियातही तेच: तिथले मूळचे ओलोनी लोक ज्या टेकडीवरून रंग नेत, तिथला दगड 1845 मध्ये आंद्रेस कास्तिय्येरो याने कुटून निखाऱ्यावर टाकला, वर ओला पेला पालथा धरला. काचेवर पाऱ्याचे थेंब जमले. टेकडीवर पहिला पोचलेला माणूस रंगासाठी गेलेला होता. इतिहासात नाव मात्र पेला धरणाऱ्याचे राहिले, हे मला खटकते.

आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या पाषाणात मधेच तांबडी पट्टी लागते. बालाघाटाच्या घाटरस्त्यांतही ती दिसते. ती लोखंडाच्या गंजाची. लाव्ह्याचे दोन थर साचण्याच्या मधल्या काळात जी माती बनली, ती ही. परातीत घोळवली तर ती गाळ होऊन वाहून जाते. हिंगूळ साचतो तो बहुधा भेगांतून वर येणाऱ्या गरम पाण्यातून, आणि तसे साठे आपल्या या काळ्या पाषाणात, बेसॉल्टात, मिळालेले नाहीत. भारत आपल्या गरजेचा पारा आयात करत आला. 2013 च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने तर पाऱ्याच्या नव्या खाणींना बंदीच घातली; भारताने तो 2018 मध्ये मान्य केला.

तरी या काळ्या दगडाचा पाऱ्याशी एक संबंध आहेच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला तेव्हा ज्वालामुखीच्या वायूंबरोबर पाराही हवेत गेला. त्या काळच्या समुद्रगाळात, मेघालयापासून फ्रान्सपर्यंत, पाऱ्याचे वाढलेले प्रमाण मोजून अभ्यासक आज त्या उद्रेकांचा माग काढतात.