सरकीच्या तेलातले आम्ल आणि साबणाचे विरघळणे

अंमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. आजची विप्रो ती हीच. तुपाबरोबरच्या जोडउत्पादनांतून तिथे ‘787’ हा कपड्यांचा साबण होई. तेल आणि साबण यांचे हे नाते एका आकड्यावर चालते: तेलातले मुक्त मेदाम्ल, म्हणजे चरबीपासून सुटे झालेले आम्ल. सरकी ओली साठवली की ते वाढते. तेल शुद्ध करताना कॉस्टिक सोडा कमी पडला तर आम्ल उरते, फार झाला तर चांगले तेलही साबण होऊन गाळात जाते.

चरबी म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन, हे फ्रान्सचा रसायनज्ञ शेव्ह्रल याने 1823 साली मांडले. आम्ल ओळखायला त्याच्यापाशी मुख्यतः वितळणबिंदू होता, आणि तिथेच तो फसला. त्याचे ‘मार्गारिक’ आम्ल पामिटिक व स्टिअरिकचे मिश्रण निघाले. हे रसायनज्ञ हाइन्ट्झने 1850च्या दशकात दाखवले.

तेलातले आम्ल मोजायला त्यात अल्कली थेंबथेंब घालतात; आम्ल संपले की दर्शकाचा रंग बदलतो. अल्कलीत गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिन 1877च्या सुमारास असा दर्शक म्हणून आले. पण नुसत्या पाण्यात ते चकवते. तेल पाण्यात मिसळत नाही, आणि झालेला साबण पाण्यात थोडा विघटित होऊन अल्कली सोडतो. आम्ल शिल्लक असतानाच गुलाबी रंग येतो. म्हणून अल्कोहोल. तेही आधी उदासीन करून घ्यायचे, नाहीतर त्याचे आम्ल तेलाच्या नावावर चढते. 10 ग्रॅम तेल, 50 मिली गरम अल्कोहोल, 0.1 नॉर्मल (तीव्रतेचे एकक) अल्कली. रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचे. अल्कली 7.1 मिली लागले तर 7.1 × 0.1 × 28.2 ÷ 10, म्हणजे ओलेइक या मेदाम्लाच्या हिशेबाने 2 टक्के; 28.2 हा त्याच्या रेणुभारातून येणारा गुणक. कच्चे सरकी तेल गॉसिपॉल या सरकीतल्या रंगद्रव्याने काळपट असते, गुलाबी दिसतच नाही. तिथे तेल कमी घेऊन थायमॉल्फ्थॅलिन किंवा अल्कली ब्लू हे दर्शक वापरतात.

कोणता साबण थंड पाण्यात विरघळतो आणि कोणता नाही, हे कोडे रसायनज्ञ क्राफ्टने 1895 साली सोडवायला घेतले. साबण ज्या तापमानाला पाण्यातून स्फटिक होऊन वेगळा होतो, ते त्याच्या आम्लाच्या वितळणबिंदूच्या आसपास असते. स्टिअरिक 69 अंशांना वितळते, म्हणून त्याचा सोडा-साबण थंड पाण्यात जवळपास विरघळत नाही. ओलेइकचा सहज विरघळतो.

खानदेशात बेसाल्टातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा जड. त्यातले कॅल्शियम साबणाला धरून साय बनवते. हीच खोड रसायनज्ञ क्लार्कने 1841 साली पाण्याचा जडपणा मोजायला वापरली: अल्कोहोलमधला साबण पाण्यात थोडाथोडा घालून हलवायचा, फेस 5 मिनिटे टिकेपर्यंत. मॅग्नेशियम जास्त असले की मात्र आधीच खोटा फेस येतो, आणखी साबण घातला की तो पुन्हा बसतो. 1940च्या दशकात रसायनज्ञ श्वार्झेनबाखच्या ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारे रसायन) पद्धतीने हा घोळ मिटला.