इमारतींतर्गत बिनतारी व्याप्ती (कोकण किनारा)

व्यापारी इमारतीच्या आतल्या भागात मोबाइल व अन्य बिनतारी सेवांचा संकेत वापरण्याजोग्या पातळीवर पोचविण्याची तंत्रे व व्यवस्था. बोलीत जिला ‘रेंज’ म्हणतात, ती बाहेरच्या मनोऱ्यावरून (टॉवर) येते आणि भिंती, स्लॅब व छप्पर ओलांडताना क्षीण होते. प्रस्तुत नोंद रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनारपट्टीतील हॉटेले, बँकांच्या शाखा, रुग्णालये, मासळी व काजू प्रक्रिया कारखाने अशा लहान-मध्यम इमारतींपुरती आणि कमी खर्चाच्या उपायांपुरती मर्यादित आहे.

उगम : या तंत्राचा आरंभ कोठे मानावा याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार त्याचे मूळ बोगद्यांत व खाणींत सापडते. एन. मंक व एच. एस. विंबिग्लर यांनी १९५६ मध्ये बोगद्यातून धावणाऱ्या गाड्यांशी बिनतारी संपर्क राखण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढे, साधारणतः १९६०–८० या काळात, ब्रिटन व बेल्जियममधील कोळसा खाणींमध्ये ‘झिरपती केबल’ वापरात आली. समाक्ष (कोअ‍ॅक्शियल) केबलच्या बाह्य वेष्टनाला ठराविक अंतरावर फटी ठेवल्या किंवा ते सैल विणले, की आतील ऊर्जा थोडीथोडी बाहेर झिरपते आणि केबलच्या संपूर्ण लांबीवर पुरते. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ १९८७ चा. त्या वर्षी बेल लॅबोरेटरीजमधील ए. ए. एम. सलेह, ए. जे. रुस्टाको व आर. एस. रोमन यांनी इमारतीत एकच शक्तिशाली आकाशक (अँटेना) बसविण्याऐवजी अनेक लहान आकाशक विखरून बसविण्याची पद्धत मांडली. असे केल्याने एकूण शक्ती कमी लागते आणि भिंतींवरून परावर्तित होऊन उशिरा पोचणाऱ्या लहरींचा त्रासही घटतो, असे त्यांनी दाखविले. आज हॉटेलांच्या व मॉलच्या छतांना दिसणाऱ्या पांढऱ्या घुमटाकार आकाशकांची परंपरा या दुसऱ्या कामाशी अधिक सरळ जुळते. तथापि मूळ कल्पना, म्हणजे संकेत केबलने आत न्यावा आणि तेथेच सोडावा ही, खाणकामातील आहे. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. बोगद्यांचा प्रश्न कोकणाला परका नाही : २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुल्या झालेल्या कोकण रेल्वेवरील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सु. ६·५ किमी. लांब आहे.

भिंती व छपरे : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) पी. २१०९ या शिफारशीत इमारतींचे पारंपरिक व उष्णतारोधक असे दोन वर्ग केले आहेत. १,००० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेला (फ्रीक्वेन्सी), लहरी जमिनीला समांतर येत असता, बाहेरून आत येताना होणाऱ्या क्षीणनाचे मध्यक मूल्य पहिल्या वर्गात सु. १२·६ डेसिबेल (शक्तीतील घट-वाढ मोजण्याचे एकक), तर दुसऱ्यात सु. २८·२ डेसिबेल येते. म्हणजेच दोहोंत आत पोचणाऱ्या शक्तीत जवळजवळ ३६ पटींचा फरक पडतो. हा फरक मुख्यतः धातूचा लेप दिलेल्या काचा व धातूचा पत्रा लावलेले उष्णतारोधक थर यांमुळे पडतो.

कोकणातील इमारती या दोन्ही वर्गांत नीट बसत नाहीत. पदार्थांचे विद्युत् गुणधर्म देणाऱ्या पी. २०४० या शिफारशीत काँक्रीट, वीट, लाकूड, काच, संगमरवर यांची मूल्ये आहेत, जांभ्याची (कोकणातील तांबड्या दगडाची) नाहीत. म्हणून आराखडा करणारे बहुधा चिऱ्याला (जांभ्याच्या घडीव दगडाला) वीट धरून गणित करतात. जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये दिले, तेही ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच. भूविज्ञानात ते नाव शोभले, पण बिनतारी गणितात जांभ्याला वीट मानणे फसवे ठरते. जांभा सच्छिद्र असून पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या पदार्थात लहरींची ऊर्जा अधिक शोषली जाते. म्हणून मे महिन्यात घेतलेल्या मोजमापावर जुलैचा आराखडा बेतू नये. मोजणी एकदाच करणे शक्य असेल, तर ती भर पावसाळ्यात करावी.

छपराचा परिणाम भिंतीहून मोठा असतो. मंगलोरी कौलांतून लहरी फारशा अडत नाहीत. परंतु गळती थांबविण्यासाठी स्लॅबवर पत्र्याची शेड उभारण्याची रीत किनाऱ्यावर सर्वत्र आहे आणि पत्रा लहरी परत फिरवतो. डोंगरउतारावरील मनोरा गावापेक्षा उंचावर असेल, तर वरून येणारा संकेत नेमका पत्र्यावरच आदळतो. मासळी गोठविण्याच्या कारखान्यांतील शीतगृहांना दोन्ही बाजूंनी पत्रा व मध्ये फोम अशा फलकांच्या भिंती असतात. त्यांचे दार मिटले की आत बाहेरचा संकेत जवळजवळ शून्य होतो. अशा खोलीत एकट्याने काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेचा विचार करता आतला आकाशक ही चैन नव्हे.

कंप्रतेचाही भाग आहेच. ९०० मेगाहर्ट्‌झवरून ५जी सेवेच्या ३,५०० मेगाहर्ट्‌झकडे जाताना, अंतर व आकाशक तेच राहिल्यास, मोकळ्या जागेतच सु. १२ डेसिबेलचा तोटा होतो. भिंतींचा तोटा त्याखेरीज.

स्वस्त उपाय : सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे इमारतीत येणाऱ्या फायबर जोडणीवर वाय-फाय उभारून त्यावरून मोबाइलचे कॉल चालविणे. भारतात २·४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला झाला. वाय-फायवरून कॉलची सेवा २०१९ अखेर व २०२० च्या आरंभी मोठ्या कंपन्यांनी सुरू केली. दहा-बारा खोल्यांच्या लॉजला बहुधा एवढे पुरते, मात्र पाहुण्याच्या फोनमध्ये ही सोय असावी व ती चालू केलेली असावी लागते.

त्याहून मोठ्या इमारतीत निष्क्रिय वितरण परवडते : एक संकेतस्रोत, अर्धा इंची समाक्ष केबल, विभाजक आणि आकाशक. मधल्या मार्गात वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. २ वॅटचा स्रोत आठ आकाशकांत वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला पाव वॅट येते. केबल व जोडांमधील तोटा वजा जाता सु. ०·१ वॅट उरते आणि ते दोन-तीन खोल्यांना पुरेसे असते. खर्चाचा मोठा भाग उपकरणांपेक्षा केबल ओढण्यात जातो. गिलावा न केलेल्या उघड्या चिऱ्याच्या भिंतीत मागाहून खाचा पाडल्यास भिंत विद्रूप होते. बांधकामाच्या वेळीच विजेच्या नळ्यांबरोबर दोन रिकाम्या नळ्या टाकणे, हा हा खर्च वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

बाजारात मिळणाऱ्या ‘बूस्टर’ डब्यांचा मोह टाळावा. परवान्याच्या कंप्रतांवर पुनःप्रेषक (रिपीटर) बसविण्याचा अधिकार सेवा कंपनीकडे असतो. खासगीरीत्या बसविलेला बूस्टर बेकायदा ठरतो व मनोऱ्याकडे गोंगाट पाठवून साऱ्या वाडीची सेवा बिघडवू शकतो. कंपनीने बसविलेल्या पुनःप्रेषकातही बाहेरचा व आतला आकाशक यांमधील विलगता (एकाचा संकेत दुसऱ्यापर्यंत पोचताना होणारी घट) वर्धनापेक्षा (यंत्राने केलेल्या संकेताच्या वाढीपेक्षा) सु. १५ डेसिबेलने अधिक ठेवतात, अन्यथा यंत्र स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळू लागते. येथे मात्र पत्र्याची शेड उपयोगी पडते. बाहेरचा आकाशक पत्र्याच्या वर व आतला खाली ठेवला, तर ही विलगता आयती मिळते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २५ ऑक्टोबर २०२४ रोजी इमारतींना अंतर्गत संपर्कसुविधेनुसार मानांकन देण्याचे विनियम अधिसूचित केले.

हवामान : खारी हवा जोडांना गंजवते आणि गंजलेला जोड निव्वळ तोटा करत नाही, तर दोन कंप्रतांचे मिश्रण करून नवा गोंगाट निर्माण करतो. म्हणून गच्चीवरील प्रत्येक जोड रबरी पट्टीने बंद करून दर पावसाळ्यापूर्वी तपासावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावरील वीज व मोबाइल सेवा कोलमडली. अशा वेळी आतली सारी व्यवस्था बॅटरीवर तगते, त्यामुळे अंदाजपत्रकात बॅटरी शेवटची ओळ नसावी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले. नदीकाठच्या गावांत संकेतस्रोत, राउटर व बॅटरी तळमजल्याच्या मीटरखोलीत न ठेवता जिन्याच्या माथ्यावरील कोरड्या जागी बसवतात.