राजा गेला, पण मतं मोजायची कशी? इटलीच्या १९४६ च्या कौलाची पार्श्वभूमी

१९४६ मध्ये इटलीच्या लोकांनी मतदान करून राजेशाही घालवली आणि प्रजासत्ताक आणलं, त्याची ही मागची गोष्ट. इटलीचा राजकीय इतिहास म्हटलं की आपल्याकडची चर्चा रोमन साम्राज्यावरून उठते ती थेट मॅझिनी-गॅरिबाल्डीपाशी येते. मॅझिनीचं चरित्र सावरकरांनी १९०७ मध्येच मराठीत आणलं, त्यामुळे विखुरलेल्या राज्यांतून एक इटली कसा झाला ती एकीकरणाची गोष्ट परत सांगत बसत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की १८६१ ला जे राज्य झालं ते मॅझिनीला हवं होतं तसं प्रजासत्ताक नव्हतंच. उत्तरेतल्या पिएमाँटच्या राजघराण्याने आपलंच राज्य वाढवत नेलं आणि आपलीच १८४८ ची घटना सगळ्यांना लावली. दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल हा नव्या देशाचा पहिला राजा, पण पिएमाँटच्या गादीवरचा आपल्या नावापुढचा 'दुसरा' त्याने काही काढला नाही! मताचा हक्क होता जेमतेम २ टक्के लोकांना.

मधली साठ वर्षं सोडून देऊ. या घराण्याचं खरं नुकसान झालं ते तीन प्रसंगांत. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये फॅसिस्टांच्या टोळ्या रोमकडे निघाल्या तेव्हा सरकारने लष्करी कायद्याचा हुकूम तयार करून समोर ठेवला होता, राजाने, म्हणजे तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने, सही केली नाही आणि उलट त्यांच्याच नेत्याला, मुसोलिनीला, पंतप्रधान केलं. १९३८ ला ज्यूंविरुद्धचे कायदे आले, तिथे मात्र सही झाली. आणि सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांपुढची शरणागती जाहीर होताच राजा, पंतप्रधान आणि बडे लष्करी अधिकारी रोम सोडून दक्षिणेत ब्रिंडिसीला निघून गेले, मागे सैन्याला धड आदेशच नाहीत. पुढची दीड-पावणेदोन वर्षं त्या देशात रणधुमाळी चालली. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते याच इटलीच्या मोहिमेत, घाडग्यांना तर मरणोत्तर.

राजेशाही ठेवायची की घालवायची हे आधी घटना समितीच ठरवणार होती, पण १९४६ च्या मार्चमध्ये ते सरळ जनमतावर सोपवलं गेलं. म्हाताऱ्या राजाने मतदानाच्या महिनाभर आधी मुलासाठी गादी सोडली. खेळी हुशारीची होती पण फार उशिराची. २ जूनला मतदान झालं, देशपातळीवर बायकांचं हे पहिलंच. मतपत्रिकेची कड ओली करून चिकटवायची असल्यामुळे लिपस्टिकचा डाग पडून मत बाद व्हायला नको म्हणून ती न लावता या, असा सल्ला बायकांना पेपरातून दिला गेला होता. उत्तर एकीकडे गेली, दक्षिण दुसरीकडे. उत्तरेतल्या त्रेंतोमध्ये ८५ टक्के प्रजासत्ताकाला, तर दक्षिणेतल्या नेपल्स भागात जवळपास ७९ टक्के राजाला.

आता खरा गुंता. कायद्यात लिहिलं होतं 'मतदान केलेल्या मतदारांचं बहुमत'. म्हणजे कोऱ्या आणि बाद मतपत्रिकासुद्धा एकूणात धरायच्या का? राजाचे लोक म्हणाले, धरायच्या. १० जूनला सर्वोच्च न्यायालयाने आकडे वाचले पण निकाल जाहीर केला नाही, तक्रारींवरचा निर्णय १८ तारखेवर टाकला. सरकारला तेवढा दम धरवला नाही, १२-१३ च्या रात्री राष्ट्रप्रमुखाचे अधिकार पंतप्रधानांकडे घेतले. नव्या राजाने निषेधाचं पत्रक काढलं आणि गादीचा हक्क न सोडताच विमानाने पोर्तुगाल गाठलं. त्याआधी नेपल्समध्ये दंगलीत माणसं मेलीच होती. १८ ला न्यायाधीशांनी १२ विरुद्ध ७ असा निर्णय दिला की फक्त वैध मतं मोजायची.

गंमत म्हणजे हिशोब मांडला तर हा सगळा वाद निरर्थक होता. प्रजासत्ताकाला १ कोटी २७ लाख, राजाला १ कोटी ७ लाख, कोरी आणि बाद मिळून १५ लाख. ही १५ लाख धरली तरी प्रजासत्ताक निम्म्याच्या वर सुमारे अडीच लाखांनी राहतं. मग पाच दिवस थांबायला काय हरकत होती? माझ्या मते राजेशाहीवाल्यांना आयुष्यभर पुरेल अशी तक्रार सरकारनेच हातात दिली. अर्थात युद्धकैदी अजून परतले नव्हते आणि त्रिएस्तसारख्या सीमेवरच्या भागात मतदानच झालं नाही, हा त्यांचा मुद्दा तितका पोकळ नाही.

१९४८ ची घटना आली तिच्यात मात्र 'वैध मतांचं बहुमत' असं स्वच्छ लिहिलं, प्रजासत्ताक हे रूप बदलताच येणार नाही असंही कलम घातलं, आणि राजघराण्यातल्या पुरुषांना देशबंदी केली जी २००२ ला उठली. नंतरचं राजकारण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. वर्ष-दीड वर्षात पडणारी सरकारं, तरी जवळपास पन्नास वर्षं सत्तेत मुख्य पक्ष एकच, ख्रिश्चन डेमोक्रॅट, मग १९९२-९४ मध्ये लाचखोरीची प्रकरणं निघाली आणि जुने पक्षच कोसळले. घटना बदलायचे प्रयत्न परत परत जनमताकडे जातात. २०१६ ला लोकांनी नाही म्हटलं, २०२० ला खासदार ९४५ वरून ६०० वर आणायला हो म्हटलं. २०२३ मध्ये तिथल्या पहिल्या महिला पंतप्रधानांच्या सरकारने थेट पंतप्रधान निवडायची दुरुस्ती मांडली, ती संसदेत दोन-तृतीयांशाने पास झाली नाही तर तिच्यावरही मतदान मागता येतं, आणि तेव्हा बाद मतांचं काय करायचं हा प्रश्न निदान उरलेला नसेल.