शाळेचा ‘स्वप्नातलं घर’ प्रकल्प : नकाशा मागायला येण्याआधी वाचा

आमच्याकडे घरांचे नकाशे, इस्टिमेट आणि मोठ्या कागदावरच्या प्रिंट निघतात. शाळांचे प्रकल्प सुरू झाले की पालकांची एक मागणी ठरलेली असते : “एक टू बीएचके काढून द्या, लेकराला उद्या जमा करायचंय.” काढायला फार वेळ लागत नाही, पैसेही मिळतात, तरी आम्ही तो काढून देत नाही. एक तर कॉम्प्युटरची रेष सरांना लगेच ओळखू येते. शिवाय प्रकल्प गणिताचा आहे, चित्रकलेचा नाही. सहावी ते नववीच्या मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी हे पत्रक आहे. दुकानात ते फुकट मिळतं.

आधी जागा आखून द्या

‘स्वप्नातलं’ म्हटलं की मुलं पोहण्याचा तलाव, थिएटर, गच्चीवर हेलिकॉप्टर असं सगळं काढतात. काढू द्या, पण त्यात गणित उरत नाही. जागा अपुरी पडायला लागली की आकडेमोड सुरू होते. म्हणून चारी बाजूंचं सामासिक अंतर (घराभोवती मोकळी ठेवायची जागा) सोडून बांधकाम बाहेरून बाहेर २० × ३० फूट धरायला सांगा, म्हणजे ६०० चौरस फूट. हुशार मुलांना याहून अवघड द्यायचं असेल तर घरकुल द्या. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं, स्वयंपाकाची जागा धरून. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, तेव्हा हे झालं साधारण २६९ चौरस फूट. एवढ्यात चार माणसांचं घर बसवून दाखवणाऱ्या मुलाला आम्ही तरी पैकीच्या पैकी मार्क देऊ.

आलेख कागदावर १ सेंटिमीटर = २ फूट हे प्रमाण घ्या. १० × १५ सेंटिमीटरमध्ये अख्खं घर येतं आणि साध्या ए-फोर कागदावर मावतं. याचा आणखी एक फायदा आहे. बाजारात मिळणारी २ × २ फुटांची फरशी बरोबर एका चौकोनात बसते. ६०० चौरस फुटांचे १५० चौकोन होतात, घरकुलाचे जेमतेम ६७. मुलांनी नुसते चौकोन मोजले तरी क्षेत्रफळ कळतं.

भिंत ही रेष नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मुलं भिंतीसाठी एक रेघ ओढतात आणि भिंतीची जाडी कुठे जाते ते कळतच नाही. बाहेरची भिंत ९ इंची धरली तर आत १८.५ × २८.५, म्हणजे सुमारे ५२७ चौरस फूट उरतात. कागदावर ही भिंत जवळपास ४ मिलिमीटर जाड येते. मधली साडेचार इंची भिंत २ मिलिमीटर.

आता हेच गावाकडच्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेल्या, घराला लावून बघा. दगडमातीची दोन फुटी भिंत धरली की आत १६ × २६ उरतात, म्हणजे ४१६ चौरस फूट. दोन्ही घरं बाहेरून सारखीच, पण फरक १११ चौरस फुटांचा, अख्ख्या १० × ११ च्या खोलीएवढा. एवढी जाड भिंत मजबूतही असते असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या अशाच दगडी भिंती आणि वरचा माळवदाचा भार कोसळून माणसं गाडली गेली. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना जुन्या वाड्यातली ढाळज (दारालगतची बसायची जागा), ओसरी, बळद (धान्य साठवायची जागा) यांची मापं विचारायला लावा. त्यांना ती हातात किंवा खणांत (दोन तुळयांमधलं अंतर) आठवतील, फुटांत मुलांनी करायची.

सामान मांडून बघा

खोल्या आखल्या की त्याच प्रमाणात कार्डबोर्डचे तुकडे कापा. ६ × ३ चा दिवाण ३ × १.५ सेंटिमीटरचा, ३ × दीड फुटाचं लोखंडी कपाट दीड × पाऊण सेंटिमीटरचं. दार ३ फूट, म्हणजे दीड सेंटिमीटर, आणि ते उघडतं तो पाव वर्तुळाचा भाग मोकळा ठेवायचा. दार उघडलं की कपाटावर आपटतं, हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं. (मोठ्यांच्या नकाशांतही हे होतं, पण ते असो.)

खिडकीचं गणित सोपं आहे. आपल्यासारख्या कोरड्या, उष्ण हवेत खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश तरी असाव्यात, असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतं. १० × १२ ची खोली असेल तर ४ × ३ ची एक खिडकी पुरते.

जिन्याला मात्र वेळ द्या. बहुतेक मुलं कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढून त्यात ‘जिना’ लिहितात आणि मोकळी होतात. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. १८ चढाव (एका पायरीची उंची म्हणजे एक चढाव) केले तर प्रत्येक पावणेसात इंचांच्या आत येतो, म्हाताऱ्या माणसालाही चढता येईल असा. मध्ये वळण घेऊन ९-९ चढावांचे दोन भाग केले, की प्रत्येक भागात ८ पायऱ्या, कारण नववा चढाव थेट वळणाच्या जागेवर किंवा वरच्या फरशीवर नेतो. पायरीची रुंदी १० इंच धरा : ८० इंच, अधिक वळणाची ३ फूट जागा, मिळून ९ फूट ८ इंच. तीन-तीन फुटांचे दोन भाग शेजारी-शेजारी, म्हणून रुंदी ६ फूट. साठेक चौरस फूट एकट्या जिन्याला लागले, घराचा दहावा भाग!

फरशी, गुण्या, पाणी

१० × १२ च्या खोलीला ३० फरश्या लागतात, एकही कापावी लागत नाही. ११ × १३ ला ३६, त्याही कापलेले तुकडे नीट वापरले तर. तुकडे फेकून दिले तर ४२. खोलीची मापं सम का ठेवावीत, हे मुलांना आपोआप कळेल.

पायथागोरससाठी मैदानात चला. मिस्त्री लाइन आउट करताना (जमिनीवर घर आखताना) दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, घेतो, तेच चुन्याने आखून करा. नंतर २० × ३० चे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आणि ३६ फुटांच्या इंचभर आत-बाहेर यायला हवेत.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, त्यामुळे पाण्याचं गणित इथल्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरा आणि पाचवा भाग वाया गेला समजा. तरी सुमारे ३१ हजार लिटर हाती लागतात. माणशी रोज ५५ लिटर धरले तर चौघांना १४० दिवस पुरतील. मग विचारा, एवढं साठवायचं कुठे? १० × १० चा आणि ११ फूट खोल हौद लागेल. तो कुठे बसवायचा, की पाणी बोअरमध्ये सोडायचं, हे मुलांनी ठरवावं.

सिमेंट, वाळू, विटांचे दर आम्ही इथे छापत नाही, कारण ते सारखे बदलतात. मुलांनी स्वतः दुकानात जाऊन विचारावेत. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, एवढं पाठ करून जा.

आमच्याकडे काय मिळेल

आलेख कागद, कार्डबोर्ड आणि पूर्ण झालेल्या नकाशाची मोठी झेरॉक्स. हाताने काढलेला नकाशा दाखवायला आणला तर चुका मोफत सांगू, खोडून मात्र मुलानेच दुरुस्त करायच्या. वर्गाला खरा नकाशा वाचून दाखवायचा असेल तर शिक्षकांनी आधी कळवावं, सकाळी ऑफिसात गर्दी कमी असते. मोजायला टेप हवा असेल तर दुकानात बसून वापरा, घरी न्यायला मिळणार नाही.