मावा रस ओढत नाही, झाडच तो ढकलतं

“मावा झाडाचा रस शोषतो” हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यात काही खटकत नाही. पण रस आधीच प्रचंड दाबाखाली असतो. सोंड टोचली की तो बहुतांशी आपल्याच जोरावर किड्याच्या पोटात शिरतो. झाडात साखर कशी वाहते, याचा मला सगळ्यात देखणा वाटणारा पुरावा याच किड्याने मिळवून दिला.

साखर सालीतून जाते हे मार्चेल्लो माल्पिगीने सतराव्या शतकातच दाखवलं होतं. त्याने खोडाची साल कड्यासारखी गोल काढली. आतलं लाकूड शाबूत होतं, त्यामुळे पानांना पाणी मिळत राहिलं. कापाच्या वरची साल मात्र फुगली, कारण वरून येणारं अन्न तिथे तुंबलं. पुढे 1837 मध्ये थिओडोर हार्टिगला सालीच्या आतल्या थरात चाळणनलिका दिसल्या. टोकाला टोक लावून बसलेल्या लांबट पेशी, आणि मधल्या आडव्या भिंतींना चाळणीसारखी भोकं.

या नलिका भलत्याच हळव्या असतात. पातं लागलं की प्रथिनं आणि कॅलोज नावाचा पदार्थ भोकांत बसतो आणि वाट बंद होते. मग आतला रस हाती लागावा कसा?

मावा मात्र आपली केसाहून बारीक सोंड नेमकी एकाच चाळणपेशीत घालतो आणि पेशीला त्याचा पत्ताही लागू देत नाही. 1953 मध्ये केनेडी आणि मिटलर यांनी याचाच उपयोग केला. विलोच्या फांदीवर रस पीत बसलेल्या माव्याला बधिर करायचं, धड कापून काढायचं आणि सोंड तशीच खोडात ठेवायची. तोडलेल्या टोकावर एक चकचकीत थेंब जमतो. तो टिपला की दुसरा, मग तिसरा. हे तासन्‌तास, कधी काही दिवसही चालतं. ओढणारा किडाच राहिला नाही, तरी रस येतोच आहे! तासाला साधारण एक घन मिलिमीटर, म्हणजे एका चाळणपेशीत मावेल त्याच्या हजारो पट. तपासला तर त्यात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर.

झाडावरून गोड थेंब टपकू लागले की लोक तो चमत्कार समजून हात जोडतात. अशा वेळी पानं उलटी करून पाहावीत. बहुतेकदा तिथे मावा किंवा त्याचे भाऊबंद बसलेले सापडतील. पोटात मावेनाशी झालेली साखर ते मागून टाकतात, तोच हा चिकटा.

हा दाब येतो कुठून? एर्न्स्ट म्युंखने 1930 मध्ये मांडलेलं उत्तर असं. पानात चाळणनलिकेत साखर भरली जाते, परासरणाने (पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी पटलातून जातं, त्याने) शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आत शिरतं आणि दाब वाढतो. मुळाशी किंवा फळाशी साखर उतरवली जाते, पाणी बाहेर पडतं, दाब घटतो. या दोन टोकांतल्या फरकाने सगळा द्रवच सरकतो. म्हणून ‘पाणी वर, अन्न खाली’ हे बाणांचं चित्र अपुरं आहे. मधल्या एखाद्या पानाला कार्बन-14 असलेला कार्बन डायऑक्साइड दिला, तर किरणोत्सारी साखर खाली मुळांत सापडते आणि वर कोवळ्या शेंड्यातही. वेग तासाला अर्धा ते एक मीटर. नुसत्या विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाऊन, एवढा पल्ला गाठता येणार नाही.

तरी एक शंका कित्येक वर्षं छळत राहिली. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. भोक निम्मं झालं की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. मग उंच झाडात हजारो चाळण्या ओलांडायला हा दाब पुरेल का? 2016 मध्ये मायकेल नोब्लॉख आणि सहकाऱ्यांनी मॉर्निंग ग्लोरीच्या लांब वेलीवर हे तपासलं. अतिसूक्ष्म काचेच्या सुईने त्यांनी थेट नलिकेतला दाब मोजला. पान आणि मूळ यांच्यातलं अंतर वाढलं तसा दाब वाढलेला निघाला, आणि नलिकाही अधिक सहज वाहू देणाऱ्या झालेल्या दिसल्या.