पंचाविना शर्यत : मुलांच्या शिडाच्या होड्यांचे नियम कसे घडले

ऑप्टिमिस्ट डिंगी, म्हणजे मुलांसाठीची छोटी शिडाची होडी, हिच्या शर्यतीत दहा-बारा वर्षांचे मूल होडीत एकटे असते. शीड, सुकाणू, आत आलेले पाणी उपसणे आणि समोरून येणाऱ्या होडीला वाट द्यायची की नाही हे ठरवणे, ही सगळी कामे त्याचीच. पाण्यावर शिट्टी वाजवून खेळ थांबवणारा पंच नसतो. काही परीक्षक मोटरबोटीतून फिरतात, पण त्यांचे लक्ष मुख्यतः कोणी अंग झुलवून किंवा शीड वारंवार ओढून होडी पुढे रेटत नाही ना, एवढ्यावरच असते. दोन होड्या एकमेकींना लागल्या, तर चूक ज्याची असेल त्याने ती स्वतः मान्य करावी, अशी मूळ अपेक्षा आहे. शर्यतीच्या दिवशी सूचनाफलकावर लागणारे कागद, निशाणे आणि बंधने या अपेक्षेतूनच आली आहेत, आणि त्यांचा इतिहास मुलांच्या शर्यतींपेक्षा बराच जुना आहे.

वाट देण्याचे नियम मुळात व्यापारी जहाजांकडून आले. इंग्लंडमध्ये 1875 साली यॉट रेसिंग असोसिएशन स्थापन झाली, तोवर प्रत्येक क्लबाची स्वतःची नियमावली असे. पाहुणा दुसऱ्या बंदरात गेला की वाद ठरलेला. 1907 साली युरोपीय देशांनी आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. आज वर्ल्ड सेलिंग या नावाने ओळखली जाणारी संस्था हीच. मात्र युरोप आणि अमेरिका यांचे नियम पुढेही बरीच वर्षे वेगवेगळे राहिले. ती फट बुजवण्याचे श्रेय हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांना दिले जाते. 1930, 1934 आणि 1937 असा तीनदा अमेरिका चषक ही शिडाच्या होड्यांची नामांकित शर्यत जिंकणाऱ्या या गृहस्थांनीच 1925 साली काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळाची गुणपद्धती बसवली होती, त्यामुळे नियमांच्या कलमांत त्यांचे मन रमत असावे. त्यांच्या मसुद्यावर आधारलेले समान नियम 1960 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले. वारा उजव्या कुशीवर घेणाऱ्या होडीला डाव्या कुशीवर घेणारीने वाट द्यायची. दोघींची कूस एकच असेल आणि त्या बाजूबाजूने चालल्या असतील, तर वाऱ्याकडच्या होडीने बाजूला व्हायचे. मागून येणारीने पुढचीला सांभाळायचे. आठ वर्षांचे मूलही हे पाठ म्हणते. नियमावली दर चार वर्षांनी सुधारली जाते आणि सध्याची 2025 ते 2028 या काळासाठी आहे, पण हा गाभा बदललेला नाही.

मुलांसाठी वेगळी होडी मात्र नियमांच्या या परंपरेत जन्मली नाही. अमेरिकेतील फ्लोरिडामधल्या क्लिअरवॉटर गावी 1947 साली ऑप्टिमिस्ट नावाच्या सेवाभावी क्लबाला मुलांसाठी स्वस्त होडी हवी होती. मुलांनी स्वतः बनवलेल्या बिनइंजिनाच्या गाड्या उतारावर पळवण्याची स्पर्धा तेव्हा तिथे लोकप्रिय होती आणि तसेच काही पाण्यावर करावे, अशी कल्पना मेजर क्लिफर्ड मॅके यांनी मांडली. होडी 50 डॉलरच्या आत बसावी आणि आठ फुटी प्लायवुडच्या तावांतून निघावी, या अटींवर क्लार्क मिल्स यांनी आराखडा केला. होडीचे नाक टोकदार नसून पेटीसारखे सपाट का, याचे उत्तर या अटींतच आहे : टोक काढायला तावात लांबीच उरत नव्हती. 1954 च्या सुमारास ॲक्सेल डॅमगार्ड यांनी हा आराखडा डेन्मार्कला नेला. तिथून तो युरोपभर पसरला आणि 1965 साली या होडीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. साधारण 2.3 मीटर लांबीच्या आणि रिकामी असताना 35 किलो भरणाऱ्या या होडीत खेळाडूने पंधरा वर्षांपर्यंतच भाग घ्यायचा असतो.

होडीच्या वर्गनियमांतील, म्हणजे फक्त या प्रकारच्या होडीसाठी असलेल्या नियमांतील, सुरक्षेची कलमे वाचली की ती कोणाच्या तरी काळजीतून लिहिली गेल्याचे लगेच जाणवते. पाणी उपसण्याचे भांडे होडीला बांधलेले हवे. होडी उलटली तरी डोलकाठी निसटू नये म्हणून ती अडकवलेली हवी. किमान 8 मीटर लांबीचा, पाण्यावर तरंगणारा दोर पुढे पक्का बांधलेला हवा, म्हणजे वारा पडला किंवा वादळ आले तर एकामागे एक होड्या जोडून ओढून आणता येतात. लाइफ जॅकेट अंगावर आणि त्याला शिट्टी. सर्व होड्यांना लागू असलेल्या मुख्य नियमावलीचे पहिलेच कलम असे, की संकटात असलेल्याला शक्य ती मदत केलीच पाहिजे. त्यासाठी थांबलेल्या होडीचा क्रमांक घसरला तर ती भरपाई मागू शकते.

शर्यत सुरू करण्याची पद्धतही हळूहळू आटोपशीर झाली. पूर्वी दहा आणि पाच मिनिटांच्या इशाऱ्यांची पद्धत रूढ होती. 2001 पासून पाच, चार आणि एक मिनिट असा क्रम आला. निशाण आणि आवाज यांत फरक पडला तर निशाण ग्राह्य, आवाज नाही. यामागे साधे कारण आहे : आवाजाला सेकंदाला सुमारे 340 मीटर वेग असतो, त्यामुळे सुरुवातीच्या रेषेच्या दुसऱ्या टोकाला, 200 मीटरवर, तो अर्ध्या सेकंदाहून उशिरा पोहोचतो. सत्तर-ऐंशी मुले एका रेषेवर दाटली की घाई होतेच आणि समितीला सर्वांना परत बोलवावे लागते. त्यावर उपाय म्हणून काळे निशाण आले. ते लागले असताना शेवटच्या मिनिटात रेषेपुढे सापडलेली होडी बाद होते आणि शर्यत पुन्हा सुरू झाली तरी तिला उतरता येत नाही. लहान मुलांसाठी ही शिक्षा कठोरच म्हणायला हवी. 2013 च्या नियमावलीत ‘यू’ निशाणाचा पर्याय आला. त्यात घाई करणारा बाद होतो खरा, पण सर्वांना परत बोलावले गेले तर त्यालाही नव्याने संधी मिळते. मुलांच्या शर्यतीत समितीने आधी हेच निशाण हाती घ्यावे, असे मला वाटते.

दंडाचा प्रवासही याच दिशेने झाला. एकेकाळी नियम मोडणाऱ्याने शर्यत सोडणे हाच मार्ग होता. 1970 च्या दशकापासून जागच्या जागी होडीच्या दोन फेऱ्या मारून चूक फेडण्याची सोय रूढ झाली, आणि बोयाला, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, धक्का लागल्यास आज एक फेरी पुरते. आक्षेप घ्यायचा तर मोठ्या होड्यांना लाल निशाण दाखवावे लागते. सहा मीटरपेक्षा लहान होडीतून ‘प्रोटेस्ट’ अशी हाक पुरेशी असते. एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्याने शिडाचा दोर धरलेल्या मुलाकडून निशाणाचीही अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरले असते.

मुलांवरची बंधने अशी सैल होत असताना मोठ्यांवरची मात्र घट्ट होत गेली, आणि ते योग्यच झाले. शर्यत चालू असताना बाहेरून सल्ला घेणे नियमाविरुद्ध आहे, तरी प्रशिक्षकाची मोटरबोट जवळ असली की मोह होतो. 2017 च्या नियमावलीपासून प्रशिक्षक, पालक आणि इतर साहाय्यक हेही नियमांच्या कक्षेत आले. त्यांच्या वर्तनाबद्दल सुनावणी होऊ शकते आणि त्यातून खेळाडूला फायदा झाला असेल तर त्याच्या होडीलाही दंड होऊ शकतो. म्हणूनच पूर्वतयारीच्या, म्हणजे चार मिनिटांच्या, निशाणापासून शेवटची होडी संपेपर्यंत साहाय्यकांच्या बोटींनी शर्यतीच्या क्षेत्राबाहेर थांबायचे, ही सूचना आता बहुतेक ठिकाणी आढळते.

भारतात हा खेळ मुंबईत जुना आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा. देशाची याचिंग संघटना 1960 मध्ये स्थापन झाली. 1982 च्या आशियाई स्पर्धेतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या होडीच्या वर्गात सुवर्ण मिळवले. मात्र मुलांचे प्रशिक्षण तलावांवरही फोफावले : भोपाळला शिकलेल्या नेहा ठाकूरने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-4 या एकटीने चालवायच्या होडीच्या वर्गात रौप्य मिळवले, तर हैदराबादच्या हुसेनसागरावर ऐन पावसाळ्यात शर्यती होतात, जेव्हा मुंबईचा समुद्र डिंगींसाठी बंदच असतो.

त्यामुळे दिवसाची व्यवस्था जागेनुसार बदलते. मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक असतो, ओढ जोरदार असते आणि जहाजांचे मार्ग टाळावे लागतात. तलावावर हा प्रश्न नाही, पण वारा घडोघडी फिरतो आणि बोये हलवावे लागतात. पाण्यात उतरताना व परतल्यावर प्रत्येक मुलाची हजेरी कशी घ्यायची, किती बचावबोटी ठेवायच्या, किती वाऱ्यात मुलांना सोडायचे नाही, हे स्थानिक सूचनांत लिहिले जाते. या सूचनांनी नियमावलीतील बरीच कलमे बदलता येतात. दोन होड्या भेटल्यावर कोणी वाट द्यायची, हे कलम मात्र कोणत्याही समितीला बदलता येत नाही.